नाणं वाकतं कधी? तुम्ही बघायच्या आधी!

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी रील्स पाठवली. एक पठ्ठ्या कुणाकडून तरी रुपया मागतो, दोन बोटांत धरून चोळतो आणि रुपया वाकतो. खाली प्रश्न ठरलेला: "दादा, हे खरं असतं का?"

मी छोट्या कार्यक्रमांत हा खेळ करतो, म्हणून सरळ सांगतो. आपला रुपया स्टेनलेस स्टीलचा. रुंदी दोन-अडीच सेंटीमीटर. एवढ्याशा चकतीला बोटांनी वाकवायचं म्हटलं तर पुरेशी तरफच मिळत नाही. पहिलवान असलात तरी बोटंच दुखतील.

मग वाकतं कसं? तुमच्यासमोर वाकतच नाही. ते आदल्या दिवशी घरी वाकलेलं असतं, दोन पकडींमध्ये धरून. पकडीचे दात उमटू नयेत म्हणून मध्ये कापड घालायचं. फार वाकवायचं नाही, हलकासा बाक पुरतो. (मी यासाठी जुनी टोकनं वापरतो. चलनातली नाणी वितळवायला किंवा नष्ट करायला २०११ च्या नाणे कायद्याची मनाई आहे. आपल्याला जादू करायचीय, कोर्टात जायचं नाहीये.)

तुमचं सरळ नाणं माझ्या हातात येतं, तुम्ही काहीतरी बोलता, मी उत्तर देतो आणि तेवढ्यात अदलाबदल झालेली असते. पण खरी मजा पुढे. वाकलेलं नाणं विशिष्ट कोनातून धरलं की अगदी सपाट दिसतं. मग बोटांनी चोळत चोळत ते हळूच फिरवायचं. कोन बदलतो, बाक दिसू लागतो, आणि तुमचा मेंदू म्हणतो, "अरे, आत्ता वाकतंय!" नाणं फक्त फिरतंय, बरं का.

नाण्यावर तुमची सही असेल तर अदलाबदल चालत नाही. तेव्हा तेच नाणं खरोखर वाकवावं लागतं, आणि त्यासाठी कपड्यांत लपवलेलं खाच असलेलं छोटं अवजार असतं. खाचेत नाणं, लांब दांड्याला जोर. शाळेत शिकलेली तरफ, दुसरं काही नाही.

आणि तोंडाचं काम विसरू नका! रिचर्ड वाईजमन आणि एमा ग्रीनिंग यांनी २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोकांना व्हिडिओ दाखवला: वाकलेली किल्ली टेबलावर ठेवलेली. एका गटाला जादूगाराचा आवाज ऐकू येतो की ती अजून वाकतेय. किल्ली जागची हललेली नसते. तरी त्या गटातल्या बऱ्याच जणांनी सांगितलं, हो, वाकताना पाहिली. म्हणून "मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय" हा पुरावा मला जरा कच्चाच वाटतो.

या प्रकाराचा सगळ्यात गाजलेला माणूस म्हणजे उरी गेलर. चमचे, किल्ल्या मनाच्या शक्तीने वाकवतो असा त्याचा दावा. १९७३ मध्ये तो अमेरिकेत जॉनी कार्सनच्या 'टुनाईट शो'मध्ये आला. कार्सन स्वतः आधी जादूगार होता. त्याच्या टीमने जेम्स रँडी या जादूगाराचा सल्ला घेतला. सल्ला साधा: चमचे वगैरे सगळं सामान आपलं ठेवा आणि त्याला आधी हात लावू देऊ नका. वीसेक मिनिटं गेली, काहीही घडलं नाही. आज शक्ती जाणवत नाही, असं गेलर म्हणाला. आणि गंमत बघा, त्याची प्रसिद्धी त्यानंतरही वाढलीच.

आपल्याकडे नाण्याचा वेगळा 'चमत्कार' चालायचा. हातात ॲल्युमिनियमचं नाणं ठेवलं की ते तापायचं आणि राख झडायची. बी. प्रेमानंद यांनी देशभर फिरून असे प्रकार उघडे पाडले, अंनिसचे कार्यकर्तेही चमत्कारांमागचं विज्ञान गावोगाव करून दाखवतात. नाण्याला मर्क्युरिक क्लोराईड लावलेलं असतं. त्यातला पारा ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर मोडतो, धातू हवेत भराभर ऑक्सिडाइझ होतो, उष्णता आणि पांढरी भुकटी तयार होते. हे करून बघू नका, प्लीज. ते जहाल विष आहे.

आता हे सगळं एवढं का सांगतोय? एका कार्यक्रमानंतर एक काकू कोपऱ्यात थांबल्या होत्या. त्यांच्या मुलीला फिट येत होत्या आणि त्या तिला एका बाबाकडे नेत होत्या. म्हणाल्या, "तुमच्या हातात शक्ती आहे, एकदा तिच्या डोक्यावरून हात फिरवा." मी खिशातून त्यांचं मूळ नाणं काढून दाखवलं. अदलाबदल हळू हळू, दोनदा करून दाखवली. त्या हसल्या. "मोठी माणसं असंच म्हणतात," म्हणाल्या.

महाराष्ट्रात तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणं आणि पैसे कमावणं २०१३ पासून गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं झगडा दिला आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला. पण काकूंना कायदा सांगून काय उपयोग होता? मी म्हटलं, "काकू, बाबाकडे जायचं थांबवत नाही मी, पण आधी सरकारी दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. फिटवर गोळ्या असतात." ओपीडीचे वार कागदावर लिहून दिले. त्यांनी कागद घडी करून पदराला बांधला.

तेव्हापासून मी वाकलेलं टोकन शेवटी प्रेक्षकांच्या हातात देतो आणि सरळ नाणंही बाहेर काढतो. जादूगार मित्र वैतागतात. वैतागू देत.

चला, रील्स पाठवत राहा. पुढच्या भागात भेटू!