रिकाम्या जागेवरचा हक्क

सरकारने नकाशावर रेघा ओढल्या आणि म्हटलं, ही जमीन तीन वनस्पतींसाठी राखायला हवी. त्यांतलं एक होतं लहानसं झुडूप. पण त्या रेघांच्या आतल्या बऱ्याचशा जमिनीवर ते झुडूप उगवतच नव्हतं. तिथे काळा लाव्हा होता, आफ्रिकेतून आलेलं माजोरी गवत होतं, मोकाट शेळ्या होत्या आणि घरं बांधायचे आराखडे हातात घेऊन उभे असलेले जमीनमालक होते. हवाई बेटांपैकी सर्वांत मोठ्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर कोना नावाचा रखरखीत पट्टा आहे. तिथे २०१२ साली हे घडलं. आपल्याकडे कुणी असा नकाशा काढला असता तर आधी काढणाऱ्याचं डोकं तपासायला सांगितलं असतं.

पण हवाईतल्या वनस्पतींचा इतिहास ठाऊक असेल तर त्या रिकाम्या जागेचा अर्थ लागतो.

ही बेटं पॅसिफिकच्या इतकी मधोमध आहेत की जवळचं खंड म्हणजे अमेरिकेचा किनारा, आणि तोही सुमारे ३,८०० किलोमीटरवर. बेटांना कधीच कुठल्या भूमीची जोड नव्हती. समुद्राच्या तळातून लाव्हा वर आला आणि नागडा खडक तयार झाला. त्यावर आज जे काही देशी हिरवं आहे, ते सगळं समुद्र ओलांडून आलं. बहुतेक बिया पक्ष्यांच्या पोटातून किंवा पिसांना चिकटून आल्या, काही लाटांवर तरंगत आल्या, अगदी थोड्या वाऱ्याने आल्या. कोकणात मुलं ज्याच्या बियांनी खेळतात तो सागरगोटाही हवाईत आहे, आणि त्याच्या टणक बिया समुद्रप्रवासासाठी प्रसिद्धच आहेत. लाखो वर्षांत अशी यशस्वी आगमनं किती झाली असतील? फुलझाडांपुरतं बोलायचं तर अंदाज अडीचशेच्या थोडा वर जातो. एवढ्या मूठभर पाहुण्यांपासून सुमारे हजार जाती घडल्या, आणि त्यांतल्या दहापैकी नऊ जगात दुसरीकडे कुठेही नाहीत.

त्यांतला एक वंश तर चक्रावून टाकणारा आहे. लोबेलिया कुळ आपल्याला अगदीच अनोळखी नाही. सह्याद्रीत ज्याला रानतंबाखू म्हणतात, ते उंच दांड्याचं आणि पांढऱ्या फुलांचं झाड त्याच कुळातलं. हवाईत या कुळाच्या १२६ जाती आहेत आणि जनुकीय अभ्यास सांगतो की त्या सगळ्या एकाच आगमनातून आल्या. ते आगमन सुमारे १ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीचं आहे. आजच्या मोठ्या बेटांत जुनं म्हणजे काउआई, आणि त्याचं वय ५० लाख वर्षांच्या आसपास. म्हणजे ही झाडं ज्या जमिनीवर उभी आहेत, तिच्यापेक्षा त्यांचा वंश दुपटीहून जुना आहे.

हे कसं शक्य आहे? पृथ्वीच्या पोटातला उष्ण झोत जवळजवळ जागच्या जागी आहे आणि त्याच्यावरून समुद्रतळ वायव्येकडे सरकतो आहे. त्यामुळे आग्नेयेला नवं बेट जन्माला येतं, वायव्येची जुनी बेटं झिजत-खचत अखेर पाण्याखाली जातात. त्या पहिल्या लोबेलियाने ज्या बेटावर मूळ धरलं, त्याचे आज फार तर पाण्याबाहेर डोकावणारे खडक उरले असतील. पण तोवर वंशजांनी शेजारचं नवं बेट गाठलं होतं, मग त्याच्या पुढचं. जुनी चाळ पडायला आली की बिऱ्हाड शेजारच्या नव्या चाळीत हलवावं, तसं हे लाखो वर्षं चाललं. हवाईतल्या वनस्पती टिकल्या त्या जिथे होत्या तिथे पाय रोवून नव्हे. जवळपास नेहमी कुठेतरी रिकामी, ताजी, अजून कुणी न व्यापलेली जमीन होती म्हणून त्या टिकल्या.

मग माणसं आली. सुमारे हजार वर्षांपूर्वी पॉलिनेशियन दर्यावर्दी आले, त्यांच्या होड्यांतून डुकरं आणि उंदीर आले. १७७८ मध्ये कॅप्टन कुकने शेळ्या सोडल्या, १७९३ मध्ये व्हँकूव्हरने गुरं उतरवली. या बेटांवर चरणारा सस्तन प्राणी त्याआधी कधी नव्हताच, त्यामुळे झाडांनी शस्त्रं कधीच टाकून दिली होती. खाजकुयलीसारखी आग करणाऱ्या कुळातली एक वनस्पती तिथे मुळीच झोंबत नाही. पुदिन्याच्या कुळातल्या कित्येक जातींना उग्र वास नाही. रासबेरीचे काटे नावापुरते. शेळीच्या दृष्टीने हा सगळा प्रदेश म्हणजे वाढलेलं ताट. अमेरिकेच्या एकूण भूभागाच्या एक टक्काही जमीन हवाईत नाही, पण त्या देशाच्या संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीतल्या सुमारे ४४ टक्के जाती एकट्या हवाईतल्या आहेत.

कोनाचं कोरडं जंगल त्यातही जास्त मारलं गेलं, कारण ते दिसायला जंगल वाटत नाही. खडकाळ उतारावर विरळ झाडं, आणि त्यांत विलिविली, म्हणजे आपल्या पांगाऱ्याचा सख्खा भाऊ. नकाशातल्या तीन वनस्पतींपैकी उहिउहि नावाचं झाड याच उतारांवर आहे. त्याचं लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. जुने हवाईयन लोक डोंगरउतारावरून घसरत जायच्या गाड्यांच्या पट्ट्या त्यापासून करत. रानात आज त्याची जेमतेम शंभर झाडं उरली असतील. कोओकोओलाऊ नावाचं पिवळ्या फुलांचं झुडूपही इथलंच. हवाईयन लोक या गटातल्या झुडपांच्या पानांचा चहा करतात. आणि तिसरं, सुरुवातीला उल्लेख केलेलं ते झुडूप, वाहिने नोहो कुला. जांभळ्या व्हायोलेट फुलांच्या कुळातलं हे लहानसं झुडूप एके काळी सहा बेटांवर नोंदलं गेलं होतं. नंतर ते नामशेष झाल्याचं मानलं गेलं. १९९१ मध्ये कोनातल्या केआलाकेहे या ठिकाणी ते अचानक पुन्हा सापडलं. मोजकीच झुडपं होती, पण जिवंत होती.

अमेरिकेचा १९७३ चा संकटग्रस्त जातींविषयीचा कायदा अशा जातीसाठी दोन गोष्टी करायला सांगतो. आधी तिला यादीत घ्यायचं, मग तिच्या जगण्याला आणि सावरण्याला लागणारी जागा नकाशावर आखायची. दुसऱ्या भागाला मी ‘अत्यावश्यक अधिवास’ म्हणेन. सावरणं हा त्यातला कळीचा शब्द आहे. चार झुडपं जिथे उभी आहेत तेवढीच जागा राखली तर एका वणव्यात सगळं संपेल. म्हणून शास्त्रीय कारण देता आलं, तर आज जात जिथे नाही पण जिथे ती परत वाढू शकेल अशी जमीनही कायद्याने आखता येते. लाखो वर्षं जी सोय लाव्हाने आपसूक केली, ती आता कागदावर करावी लागते आहे.

सरकारला हे करायची फार हौस होती असं मुळीच नाही. नकाशा छापला तर झाडं चोरणारे आणि उपटणारे नेमके तिथेच पोहोचतील, असं कारण देऊन त्यांनी हवाईतल्या शेकडो वनस्पतींचे अधिवास आखायचं टाळलं होतं. संरक्षणवादी संस्था न्यायालयात गेल्या. १९९८ मध्ये संघराज्याच्या हवाईतल्या न्यायालयाने २४५ वनस्पतींबाबतचा तो निर्णय परत पाठवला, पुन्हा विचार करा म्हणून. त्यातून २००३ मध्ये एकामागून एक बेटांचे नकाशे जाहीर झाले. कोनाचा २०१२ चा प्रस्ताव त्याच्या पुढचा.

आता मला सर्वांत नवलाची वाटणारी गोष्ट. नकाशा आधी मसुदा म्हणून राजपत्रात छापावा लागतो आणि किमान ६० दिवस कुणालाही त्यावर बोलता येतं. कुणालाही म्हणजे खरोखर कुणालाही, मग तो वनस्पतिशास्त्रज्ञ असो, बिल्डर असो, शेजारी असो की दुसऱ्या राज्यातला शाळकरी मुलगा. कुणी मागणी केली तर जनसुनावणी घ्यावी लागते. तिथे तोंडी बोललेलं आणि घरून लिहून पाठवलेलं, दोन्हींचं वजन सारखं. पण हे मतदान नाही. ‘माझा पाठिंबा’ किंवा ‘माझा विरोध’ एवढंच लिहिणाऱ्या हजार पत्रांची नोंद होते आणि ती बाजूला राहतात. ‘तुमच्या नकाशातला हा तुकडा गेल्या वर्षीच खणून सपाट झाला आहे’ असं सांगणारं एकच पत्र रेघ हलवू शकतं. आणि अंतिम नियम छापताना आलेल्या मुद्द्यांचा सारांश द्यावा लागतो, त्यापुढे नकाशा आखणाऱ्या खात्याचं उत्तर द्यावं लागतं. राजपत्र हा एरवी जगातला सर्वांत कंटाळवाणा वाचनप्रकार असेल, पण हे प्रश्नोत्तरांचे भाग वाचताना एखाद्या गावची सभा ऐकल्यासारखं वाटतं.

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचे मसुदे पाहिलेल्या मराठी वाचकाला ‘६० दिवसांत हरकती व सूचना’ ही भाषा पाठ असेल. आपल्याकडे २०१४ पासून मसुद्यावर मसुदे निघत राहिले, जुलै २०२४ अखेरचा सहावा. गावोगावच्या हरकतींना मुद्देसूद, छापील उत्तर मिळालं असतं तर निम्मी अफवा तिथेच विरली असती, असं मला राहून राहून वाटतं.

कायद्यात आणखी एक बारकावा आहे आणि तो मला फार शहाणपणाचा वाटतो. जात धोक्यात आहे की नाही, हे ठरवताना पैशांचा विचार करायला बंदी आहे. तिथे फक्त विज्ञान. रेघ कुठून ओढायची, हे ठरवताना मात्र आर्थिक परिणाम पाहावाच लागतो. एखादा तुकडा वगळल्याने होणारा फायदा जास्त असेल तर तो वगळता येतो. एकच अट, त्यामुळे जात नामशेष होता कामा नये.

कोनात हा बारकावा पणाला लागला. प्रस्ताव सुमारे १८,८०० एकरांचा होता. ज्या जमिनी त्यात आल्या त्यांवर परवडणारी घरं, नव्या वसाहती उभ्या राहायच्या होत्या. खातं सांगत होतं, की या रेघेमुळे जमीन सरकारजमा होत नाही, तिथे कुणाला शिरायची मुभा मिळत नाही. संघराज्याचा पैसा, परवाना किंवा काम यांचा संबंध आला तरच अडथळा येतो. मालक म्हणत होते, कागदावर ठीक, पण रेघेतली जमीन बाजारात कोण घेणार, बँक कर्ज देताना काय म्हणेल, आणि उद्या राज्य सरकारने हाच नकाशा पुढे करून बांधकामाला नकार दिला तर? दोघांचंही खरं होतं.

सर्वांत अवघड पेच केआलाकेहेचा. वाहिने नोहो कुला जिथे पुन्हा सापडलं, ती जमीन मूळ हवाईयन वंशाच्या लोकांना घरांसाठी द्यायच्या जमिनींपैकी होती. अमेरिकी काँग्रेसने १९२० च्या दशकाच्या तोंडावर केलेल्या कायद्यानुसार या जमिनी निदान निम्मं मूळ रक्त असणाऱ्यांसाठी राखलेल्या आहेत, आणि प्रतीक्षायादीत माणसांची उभी हयात जाते. म्हणजे एकीकडे बेटाचं मूळचं झुडूप, दुसरीकडे बेटाची मूळची माणसं, आणि दोघंही आपल्याच भूमीत जागा मागणारी. इथे कुणाला खलनायक करायचं?

मसुद्यावर हरकतींची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली, २०१३ मध्ये सुनावणी झाली, आणि अंतिम नियम यायला २०१८ चा ऑगस्ट उजाडला. सुमारे ११,६०० एकर रेघेत राहिले, सुमारे ७,००० एकर वगळले गेले. वगळलेल्यांत केआलाकेहेची ती जमीनही होती. पण वगळणं फुकट नव्हतं. बऱ्याच मालकांनी त्याआधी करार केले होते किंवा कामं सुरू केली होती: अमुक क्षेत्राला कुंपण घालू, गवत काढू, वणव्यासाठी मोकळे पट्टे ठेवू, रोपं लावू.

सात हजार एकर सोडले म्हणून संरक्षणवादी नाराज झाले तर त्यांना दोष देता येणार नाही. करारांना मुदत असते, रेघेला नसते. पण मला कुंपणाची बाजू जड वाटते. नकाशावरची रेघ शेळीला दिसत नाही आणि गवतालाही नाही. हे गवत शोभेसाठी आणलं होतं. ते वाळतं, पेटतं आणि जळल्यावर पुन्हा सर्वांआधी उगवतं. देशी झाडं मात्र परत येत नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये शेजारच्या माउई बेटावर लाहाइना शहर जळून सुमारे शंभर माणसं गेली, तेव्हा ओसाड शेतांत माजलेल्या अशाच परक्या गवतांनी आगीला इंधन पुरवलं होतं. कोनाच्या उत्तरेला वाइकोलोआत गावकऱ्यांच्या संस्थेने पावणेतीनशे एकरांना कुंपण घातलं आहे. तिथे विलिविलीच्या जुन्या खोडांमध्ये उहिउहिची नवी रोपं हातांनी लावली जातात. ती जागा वगळलेल्या जमिनींतलीच आहे.

हे करार पाळले गेले की नाही, हे पुढच्या आढाव्यांत कळेल. कायद्यानुसार यादीतल्या प्रत्येक जातीची स्थिती दर पाच वर्षांनी तपासावी लागते. त्या वेळी राजपत्रात पुन्हा सूचना छापली जाते: या वनस्पतीबद्दल कुणाला नवं काही माहीत असेल, कुठे दिसली असेल, कुठे मेली असेल, तर कळवा.