पत्र्यांमागचं दुकान, खळ्यातलं कोकम

मे महिन्यात मालवणला आमच्या खळ्यात पाय ठेवायला जागा नसते. रातांबे फोडायचे, बिया-गर काढायचा, साली मिठाच्या रसात बुडवून उन्हात घालायच्या. वाळल्या की पुन्हा रस, पुन्हा ऊन. अशी चार-पाच पुटं चढली की कोकम काळसर, मऊ होतं. आमचा बराचसा माल गिरगावात मामाच्या दुकानी जायचा.

मग तिथं भुयारी मेट्रोचं काम सुरू झालं. कुलाबा-वांद्रे-सीप्झ हा साडेतेहतीस किलोमीटरचा मार्ग, स्थानकं २७, त्यांतलं एक गिरगावचं. जगन्नाथ शंकरशेट रस्ता आधीच अरुंद, त्यात दुकानासमोर पत्रे उभे राहिले. त्या काळात मी काही दिवस गल्ल्याशेजारी बसून पाहिलं. टेम्पो दारात येईना. पहाटे नाक्यावर पोती उतरवून हमालाच्या डोक्यावरून आणावी लागत. त्याची मजुरी वेगळी. कोकम चिकट, धूळ लगेच धरतं. पूर्वी बरणी उघडी असायची. बायका साल चिमटीत दाबून मऊपणा बघत, वास घेत, मगच वजन करायला सांगत. आता सगळं पाकिटात बंद. हात लावता येत नाही म्हटल्यावर जुनी गिऱ्हाइकंही पाव किलोवरच थांबत. चर्नी रोडला उतरून येता-जाता डोकावणारे तर दिसेनासेच झाले.

मामा म्हणायचा, “गिऱ्हाईक दुकान विसरूक नाय, वाट विसारला.”

ज्यांचे गाळे पाडले जातात, त्यांची निदान कागदावर नोंद होते. ज्यांचं दुकान शाबूत राहतं आणि वाट तेवढी जाते, त्यांचं नुकसान कुठल्या रकान्यात लिहायचं? मेट्रो हवीच. पण पत्रे ठोकण्याआधी चालायला नीट वाट, माल उतरवायला ठरावीक वेळ नि जागा, आणि वर्षानुवर्षं बुडणाऱ्या धंद्याची भरपाई हे सारं खर्चात धरायला हवं.

कारण ती झळ गिरगावात थांबली नाही. मामाची मागणी निम्म्यावर आली, तशी आमच्या वाडीतल्या दोघी रातांबे फोडायचं सोडून काजूच्या कारखान्यात गेल्या.

९ ऑक्टोबर २०२५ला स्थानक प्रवाशांसाठी खुलं झालं. दिवाळीत गेलो तेव्हा मामाच्या बरणीचं झाकण उघडं होतं आणि एक आजी साल चिमटीत धरून बघत होत्या. येत्या मे महिन्यासाठी मामानं जास्त कोकम सांगितलंय. रातांबे आहेत, फोडायला हात मात्र आता शोधावे लागतील.