अडकलेला ऑईल फिल्टर: आधी सैल करा, मग तेल काढा

घरी इंजिन ऑईल बदलताना काम बहुधा एकाच जागी खोळंबते: फिल्टर जागचा हलत नाही. बरेच जण आधी ड्रेन नट उघडून तेल काढतात आणि मग फिल्टरला हात घालतात. तो निघालाच नाही, तर गाडी तेलाविना अडकून पडते. गॅरेजपर्यंत नेण्याचीही सोय उरत नाही. म्हणून इंजिनात तेल असतानाच फिल्टर किंचित सैल होतो का, ते पाहावे. हलला तर पुन्हा हाताने घट्ट करून ड्रेन नट उघडावा. नाही हलला, तरी गाडी अजून चालती आहे, हे महत्त्वाचे.

इथे विचार केला आहे तो आट्यांवर फिरवून बसवायच्या पत्र्याच्या फिल्टरचा. काही इंजिनांत प्लॅस्टिकच्या टोपणाखाली नुसता कागदी फिल्टर असतो. त्या टोपणाला नेमक्या मापाचे सॉकेटच लावावे.

अडकतो कशामुळे?

फिल्टरच्या तोंडाशी रबरी रिंग असते आणि ती इंजिनाच्या सपाट बैठकीवर दाबून बसते. रिंग कोरडीच बसवली असेल, तर हजारो किलोमीटरची उष्णता खाऊन ती कडक होते आणि धातूला चिकटते. त्यात मागच्या वेळी कुणी फिल्टर पान्याने आवळला असेल, तर विचारूच नका. आटे मात्र तेलातच असल्यामुळे सहसा गंजत नाहीत. त्यामुळे गंज सोडवणाऱ्या स्प्रेचा इथे फारसा उपयोग होत नाही.

आधी हात, मग पाना

इंजिन काही मिनिटे चालवून कोमट करा, बंद करा, मगच गाडीखाली जा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. भक्कम स्टँड हवेतच. सायलेन्सरचा पाइप तापलेला असतो, तोही सांभाळा.

फिल्टरच्या बंद तळाकडे पाहत घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचे. गाडीखाली आडवे झाल्यावर दिशा हमखास चुकते आणि सैल करायचा फिल्टर आणखी आवळला जातो. डबा कोरड्या फडक्याने पुसा, त्याभोवती खरखरीत बाजू आत ठेवून पॉलिश पेपर गुंडाळा आणि पकड घ्या. एवढ्याने न हलल्यास फिल्टरचा पाना घ्या. वाटीसारखा पाना तुमच्या फिल्टरच्या मापाचाच हवा. पट्ट्याचा किंवा साखळीचा पाना निरनिराळ्या मापांना चालतो. तो डब्याच्या मध्यावर न लावता इंजिनाकडच्या काठाजवळ लावा, कारण तिथे पत्र्याला जाड तबकडीचा आधार असतो. मध्यावर डबा चेपतो. हिसके न देता ताण हळूहळू वाढवा.

स्क्रू ड्रायव्हर आरपार घालण्याआधी

हा उपाय सगळीकडे ऐकायला मिळतो. माझ्या मते तो अगदी शेवटचा. छिद्र पडले की इंजिन सुरू करता येत नाही, दाबाने तेल बाहेर फेकले जाते. नवा फिल्टर हाताशी असेल आणि तेल काढून झाले असेल तरच हे करावे. छिद्र इंजिनाला लागून पाडू नका, कारण आट्यांचा नळ तिथेच असतो. पत्रा पातळ असल्याने पुष्कळदा डबा फाटतो आणि तबकडी तशीच राहते. मग तिच्या कडेला बोथट छिन्नी तिरकी टेकवून सोडवण्याच्या दिशेने हलके ठोके द्यावे लागतात. बैठकीवर ओरखडा उठला, तर नवा फिल्टरही गळू शकतो. हात थरथरत असेल, जागा अपुरी असेल, तर इथे थांबून मेकॅनिकला घरी बोलवा.

नवा बसवताना

जुनी रिंग फिल्टरबरोबर निघाली का, ते बोटाने चाचपून बघा. ती इंजिनालाच चिकटलेली राहिली आणि तिच्यावर नवी बसली, तर तेल भसाभस गळते. बैठक पुसा, नव्या रिंगला ताजे तेल लावा आणि फिल्टर हातानेच फिरवा. रिंग टेकल्यावर बहुतेक फिल्टरना साधारण पाऊण फेरा पुरतो. नेमका आकडा खोक्यावर किंवा डब्यावर छापलेला असतो. पाना फक्त काढण्यासाठी वापरावा, बसवण्यासाठी नाही.

जुने तेल आणि फिल्टर गटारात किंवा कचऱ्यात टाकू नका. वापरलेले तेल भारतात घातक कचऱ्यात मोडते. ते डब्यात भरून, असे तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

नवे तेल भरून इंजिन सुरू करा. ऑईलचा दिवा काही सेकंदांत विझायला हवा. विझला नाही, किंवा फिल्टरच्या काठाशी तेल दिसले, तर इंजिन ताबडतोब बंद करा आणि आधी जुन्या रिंगचा शोध घ्या.