सौदेचिठ्ठी ते खरेदीखत : चौसाळ्यातील घरांचे व्यवहार आणि कायदा

इसार देऊन लिहिलेली सौदेचिठ्ठी ही घराची विक्री नसते. तो विक्रीचा करार असतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ नुसार १०० रुपये वा अधिक किमतीच्या मिळकतीची मालकी विक्रीने द्यायची तर नोंदणीकृत खरेदीखतच लागते. १०० रुपयांची ही मर्यादा आजही बदललेली नाही.

चौसाळा हे बीड तालुक्यातील गाव. अशा गावांत गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. त्यामुळे खेड्यापाड्यांत ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ वर नाव लागले की घर आपले, असा समज रुजला. प्रत्यक्षात ती करआकारणीची नोंद. तिने मालकी सिद्ध होत नाही.

विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ मुळे सौदेचिठ्ठीवरूनही करारपूर्तीचा दावा लावता येतो. चतुःसीमा, ठरलेली किंमत, दिलेला इसार आणि साक्षीदार पक्के हवेत; शिवाय उरलेली रक्कम द्यायला आपण कायम तयार होतो, हे घेणाऱ्याने सिद्ध करावे लागते. तोंडी सौदाही कायद्याने चालतो, पण तो शाबीत करणे अवघड. दाव्याची मुदत ३ वर्षांची. खरेदीसाठी १ ऑगस्ट २०१६ ही तारीख लिहिली असेल, तर १ ऑगस्ट २०१९ नंतर दावा मुदतबाह्य होतो. तारीखच नसेल, तर देणाऱ्याने नकार दिल्याचे कळल्यापासून मुदत मोजतात.

२४ सप्टेंबर २००१ पासून मोठा फरक पडला. तोपर्यंत कराराच्या आधारे ताबा घेतलेल्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३-अ चे संरक्षण नोंदणीविनाही मिळे. आता त्यासाठी करार नोंदवावा लागतो. नोंदणी नसलेला करार करारपूर्तीच्या दाव्यात पुरावा म्हणून मात्र चालतो. ताबा दिलेल्या करारावर महाराष्ट्रात खरेदीखताइतके मुद्रांक शुल्क लागते. ते व दंड भरेपर्यंत कागद पुराव्यात येत नाही. नोटरीच्या शिक्क्याने नोंदणीची उणीव भरून निघत नाही.

२०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुखत्यारपत्र, करार व मृत्युपत्र यांच्या जोरावर मालकी जात नसल्याचे स्पष्ट केले. विशिष्ट अनुतोष कायद्यातील दुरुस्तीने १ ऑक्टोबर २०१८ पासून करारपूर्तीचा हुकूम न्यायालयाच्या मर्जीवर राहिला नाही. अटी पुऱ्या झाल्यास तो द्यावाच लागतो. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रके मिळू लागली. त्यांमुळे घर कोणाच्या नावावर आहे हे सौद्याआधी पडताळता येते; खरेदीखताची गरज मात्र कायम आहे.