किनारा एकाचा, बेट दुसऱ्याचे

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर काश हे लहानसे बंदर आहे. त्याच्या समोर समुद्रात एक खडकाळ, जवळजवळ उघडा डोंगर उभा आहे आणि त्याच्या पायथ्याशी रंगीत घरांची अर्धवर्तुळाकार ओळ आहे. हे कास्तेलोरिझो. क्षेत्रफळ जेमतेम नऊ चौरस किलोमीटर. तुर्की किनाऱ्यापासून सर्वांत जवळच्या ठिकाणी अंतर सुमारे दोन किलोमीटर, आणि ज्या ग्रीस देशाचे ते आहे त्याची राजधानी अथेन्स इथून साडेपाचशे किलोमीटरहून दूर. सर्वांत जवळचे मोठे ग्रीक बेट म्हणजे रोड्स, तेही सव्वाशे किलोमीटरवर.

हे बेट एकटे नाही. लेस्बोस, खिओस, सामोस, कोस, रोड्स ही सगळी बेटे तुर्कस्तानच्या किनाऱ्याला लागून आहेत आणि सगळी ग्रीसची आहेत. असे का, याचे उत्तर तुर्कस्तानात बहुधा एका शब्दात मिळते: लोझान. १९२३ च्या त्या तहात आपल्या प्रतिनिधींनी बेटे घालवली, असा समज तिथे खोल रुजलेला आहे. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांनीही जाहीर भाषणात हाच सूर लावला होता. इथून हाक मारली तर तिथे ऐकू जाईल अशी बेटे आपण देऊन टाकली, असे ते म्हणाले. ग्रीसमध्ये उत्तर आणखी सोपे आहे: ही बेटे पहिल्यापासून आमचीच. दोन्ही उत्तरांत तारखा गाळलेल्या आहेत. त्या परत जागेवर बसवल्या की दिसते की या बेटांचा निकाल लोझानच्या दहा-अकरा वर्षे आधीच समुद्रावर लागला होता, आणि त्यात अंतराचा विचार क्वचितच कोणी केला.

रोड्स १५२२ मध्ये ऑटोमन सुलतानाने जिंकून घेतले आणि पुढची जवळपास चार शतके हा सगळा टापू एकाच सत्तेखाली राहिला. त्या काळात बेट कोणाचे आणि किनारा कोणाचा, हा प्रश्न निर्माण होण्याचे कारणच नव्हते. रोड्स आणि कोस सोडल्यास दक्षिणेकडच्या लहान बेटांवर मुसलमान वस्ती फारशी झाली नाही. ठरावीक वार्षिक रक्कम भरायची आणि आपला कारभार आपण पाहायचा, अशी सवलत या बेटांना होती. कास्तेलोरिझोचे लोक ग्रीक बोलणारे, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. त्यांची स्वतःची शिडाची जहाजे होती आणि अनातोलियाच्या डोंगरांतले लाकूड आणि कोळसा ते इजिप्तपर्यंत नेत. समोरच्या किनाऱ्यावर त्यांची शेते होती, दुकाने होती, नातेवाईक होते. बेटावर पिकत काहीच नव्हते, तरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे नऊ-दहा हजार माणसे राहत होती आणि खाऊनपिऊन सुखी होती. ही भरभराट समोरच्या किनाऱ्यावर उभी होती, हे पुढचे सगळे समजून घेताना लक्षात ठेवायला हवे.

१९०८ च्या तरुण तुर्कांच्या क्रांतीनंतर जुन्या सवलती मोडीत निघू लागल्या. सक्तीची लष्करभरती आली, बेटांवर असंतोष वाढला. पण नकाशा हलवला तो इटलीने, आणि तोही भलत्याच कारणासाठी. १९११ मध्ये इटलीने लिबियासाठी ऑटोमन साम्राज्याशी युद्ध सुरू केले. लिबियात सैन्य अडकून पडल्यावर सुलतानावर दडपण आणण्यासाठी १९१२ च्या मे महिन्यात इटालियन फौज रोड्सवर उतरली आणि पाठोपाठ आसपासची बेटे तिने ताब्यात घेतली. ऑक्टोबरमध्ये तह झाला. तुर्की फौजा लिबियातून निघाल्या की इटली बेटे परत करील, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. बेटे परत झाली नाहीत. त्याच ऑक्टोबरमध्ये ग्रीस आणि त्याच्या शेजारी देशांचे ऑटोमन साम्राज्याशी बाल्कन युद्ध पेटले. इटालियन फौज हलली असती तर ग्रीक आरमाराने ती बेटे त्याच आठवड्यात घेतली असती, त्यामुळे खुद्द ऑटोमन सरकारलाही इटली काही काळ तिथे राहिलेली बरी वाटली. तो काही काळ तीस वर्षांहून अधिक लांबला.

उत्तरेकडच्या बेटांचे भवितव्य ग्रीक आरमाराने ठरवले. अॅडमिरल पाव्लोस कुंदुरियोतिस यांच्याकडे ‘अवेरोफ’ ही नवी, चिलखती क्रूझर होती. डिसेंबर १९१२ आणि जानेवारी १९१३ मधल्या दोन लढायांत ऑटोमन ताफ्याला दार्दानेल्स सामुद्रधुनीच्या आत परत जावे लागले आणि तो तिथेच अडकून पडला. समुद्र ग्रीकांचा राहिल्यामुळे लेम्नोस, लेस्बोस, खिओस ही बेटे त्यांच्या हाती राहिली. किनाऱ्यावर लाखभर सैन्य असून काय उपयोग? मधल्या पाण्यावर आपले जहाज नसेल तर पाच किलोमीटर आणि पाचशे किलोमीटर सारखेच. आपल्याकडे कारवारसमोरचे अंजदीव १९६१ पर्यंत पोर्तुगालचे राहिले आणि कर्नाटकाच्या किनाऱ्याला खेटून असूनही आज ते गोव्यात मोडते, तेही शतकांपूर्वी तिथे कोणाचे आरमार उतरले यावरूनच.

कास्तेलोरिझो मात्र या दोन्ही लाटांच्या बाहेर राहिले. इटालियन तिथपर्यंत गेले नव्हते, ग्रीक आरमारही नाही. तेव्हा १९१३ च्या मार्चमध्ये बेटावरच्या लोकांनीच उठाव केला आणि ऑटोमन अधिकाऱ्यांना हटवले. ग्रीसने पुढे आपला माणूस पाठवला. पण १९१४ च्या फेब्रुवारीत युरोपातल्या महासत्तांनी बेटांचा निवाडा केला तेव्हा त्यांनी ग्रीसच्या हातातली बहुतेक बेटे ग्रीसला दिली आणि तीन वगळली: दार्दानेल्सच्या तोंडावरची इम्ब्रोस आणि तेनेदोस, आणि तिसरे कास्तेलोरिझो. ही तीन तुर्कस्तानला परत मिळायची होती. म्हणजे एका क्षणी नकाशाला पटेल असाच निर्णय कागदावर उतरला होता. काही महिन्यांतच पहिले महायुद्ध सुरू झाले आणि तो अमलात आलाच नाही. डिसेंबर १९१५ मध्ये फ्रेंच नौसैनिक बेटावर उतरले.

युद्धातली एक घटना या अंतराचा अर्थ सांगते. जानेवारी १९१७ मध्ये ‘बेन-माय-क्री’ हे विमाने वाहून नेणारे ब्रिटिश जहाज कास्तेलोरिझोच्या बंदरात नांगर टाकून होते. समोरच्या किनाऱ्यावर लपवून आणलेल्या ऑटोमन तोफांनी त्याला आग लावली आणि ते तिथेच उथळ पाण्यात बसले. किनाऱ्यावरून बंदरातले जहाज बुडवता येते आणि तरीही बेट घेता येत नाही.

१९२१ मध्ये फ्रेंचांनी बेट इटलीच्या हवाली केले. मग लोझान आले. जुलै १९२३ च्या त्या तहातले १२ वे कलम मला फार महत्त्वाचे वाटते. आशियाई किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आतली बेटे तुर्कस्तानकडे राहतील, असे ते सांगते, मात्र तहातच दुसरे काही म्हटले नसेल तर. या एका नियमाने कास्तेलोरिझो सरळ तुर्कस्तानचे झाले असते. पण १५ व्या कलमात, इटलीला सोडून दिलेल्या बेटांच्या यादीत, त्याचे नाव स्वतंत्रपणे घातलेले आहे. तुर्कस्तानचे प्रतिनिधी इस्मत पाशा यांनी बेटे उधळून दिली, हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. परकीयांचे विशेषाधिकार संपवणे, पूर्व थ्रेस राखणे, सामुद्रधुनी आणि मोसूल ही त्यांची निकडीची कामे होती. लेस्बोस किंवा रोड्सवर त्यांचा एकही सैनिक नव्हता आणि ते परत घ्यायला आरमारही नव्हते. इम्ब्रोस आणि तेनेदोस ही दार्दानेल्सची दारे मात्र त्यांनी मिळवली.

त्याच वर्षी आणखी एक करार झाला आणि माणसांच्या दृष्टीने तोच अधिक भयंकर होता. धर्म पाहून लोकसंख्येची अदलाबदल ठरली. अनातोलियातले सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसकडे आणि ग्रीसमधले सुमारे ४ लाख मुसलमान तुर्कस्तानकडे. यातले बरेचसे ख्रिस्ती आधीच जीव घेऊन पळालेले होते. आता त्यांची परतीची वाटही बंद झाली. काशच्या बाजूला राहणारी कास्तेलोरिझोची नातीगोती संपली. शेते गेली, लाकडाचा व्यापार गेला. तोवर ज्या पाण्यावरून रोज होड्या येत-जात तिथे सीमा उभी राहिली. वाफेच्या जहाजांनी शिडांचा धंदा आधीच खाल्ला होता. लोक इजिप्तला गेले आणि त्याहून अधिक दूर, ऑस्ट्रेलियातल्या पर्थ आणि सिडनीला.

इटालियन अमदानी सुरुवातीला सौम्य होती, १९३६ नंतर गव्हर्नर दे वेक्की यांच्या काळात ग्रीक शाळांवर घाला आला. दुसऱ्या महायुद्धात १९४१ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश कमांडो उतरले आणि दोन-तीन दिवसांत मागे ढकलले गेले. १९४३ च्या सप्टेंबरमध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर ब्रिटिश पुन्हा आले, पाठोपाठ जर्मन बॉम्बहल्ले झाले आणि उरलेल्या रहिवाशांना सायप्रसमार्गे गाझाजवळच्या निर्वासित छावणीत नेण्यात आले. त्यांच्या गैरहजेरीत, जुलै १९४४ मध्ये लागलेल्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला. युद्ध संपल्यावर सप्टेंबर १९४५ मध्ये परत निघालेल्या लोकांच्या ‘एम्पायर पॅट्रोल’ या जहाजाला पोर्ट सैदजवळ आग लागली आणि ३३ जण मेले. जे पोचले त्यांना घरांच्या जागी काळ्या भिंती मिळाल्या. अनेकांनी तिथून थेट ऑस्ट्रेलियाची वाट धरली. आज बेटावर पाचशे-सहाशे लोक आहेत आणि ऑस्ट्रेलियात त्यांच्या वंशजांची संख्या त्याच्या कितीतरी पट आहे.

बेट ग्रीसला मिळाले ते याच वेळी. इटली हरली होती, तिची बेटे कोणाला तरी द्यायची होती. लोकवस्ती ग्रीक होती आणि ग्रीस दोस्तांच्या बाजूने लढून उद्ध्वस्त झालेला होता. तुर्कस्तान जवळजवळ संपूर्ण युद्धभर तटस्थ राहिला, फेब्रुवारी १९४५ मध्ये नावापुरता उतरला, आणि तहाच्या टेबलावर तो नव्हताच. सोव्हिएत संघाचा होकार जून १९४६ मध्ये आला, १० फेब्रुवारी १९४७ च्या पॅरिस तहाने बेटे ग्रीसला दिली, तिथे लष्कर न ठेवण्याच्या अटीवर, आणि ७ मार्च १९४८ रोजी विलीनीकरणाचा सोहळा झाला. म्हणजे पस्तीस वर्षे ज्या झेंड्याची वाट पाहिली तो आला तेव्हा त्याला सलामी द्यायला मूठभर माणसे उरली होती. शेजारच्या रो या खडकावर देस्पिना आखलादिओती ही बाई कित्येक वर्षे जवळजवळ एकटी राहिली आणि १९८२ मध्ये मरेपर्यंत रोज ग्रीक झेंडा चढवत राहिली. ग्रीसमध्ये तिच्याकडे शौर्याचे प्रतीक म्हणून पाहतात, ते योग्यच आहे. मला त्यात ओसाडपणही दिसते.

जमिनीचा प्रश्न असा सुटला तेव्हा पाण्याचा सुरू झाला. १९७० च्या दशकात एजियन समुद्राखालच्या तेलाचा वाद निघाला. बेटालाही किनाऱ्याइतकाच समुद्र मिळतो, हे तत्त्व १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात आले. ग्रीसने तो स्वीकारला, तुर्कस्तानने सही केली नाही. जानेवारी १९९६ मध्ये कालिम्नोसजवळच्या इमिया नावाच्या दोन निर्मनुष्य खडकांवरून, ज्यांना तुर्की लोक कार्दाक म्हणतात, दोन्ही देश युद्धाच्या काठावर आले. एक ग्रीक हेलिकॉप्टर कोसळून तीन अधिकारी गेले आणि अमेरिकेने मध्यस्थी केली. १९३२ मध्ये इटली आणि तुर्कस्तान यांच्यात तिथल्या सीमारेषेचा मसुदा झाला होता, पण तुर्कस्तान तो मंजूर न झालेला म्हणून मानत नाही. २०२० मध्ये ‘ओरुच रेइस’ हे तुर्की संशोधन जहाज कास्तेलोरिझोच्या दक्षिणेला गेले आणि पुन्हा आरमारे समोरासमोर आली.

इथे तुर्कस्तानच्या म्हणण्यातला एक भाग मला विचारात घेण्याजोगा वाटतो. नऊ चौरस किलोमीटरच्या बेटाला किती समुद्र द्यावा, यावर लवादांनी अनेकदा मधला मार्ग काढला आहे. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळची चॅनल बेटे ब्रिटिश राजमुकुटाची आहेत. १९७७ च्या निवाड्याने त्यांना बारा मैलांचे मर्यादित वर्तुळ दिले. कॅनडाजवळच्या सेंट पिएर आणि मिकेलाँ या फ्रेंच बेटांना १९९२ मध्ये दक्षिणेकडे साडेदहा सागरी मैल रुंदीची लांब पट्टी मिळाली. बेटाच्या मालकीला धक्का न लावता पाणी वाटता येते, याचे हे दाखले आहेत. पण असा निवाडा हवा तर दोघांनी न्यायालयापुढे जायला हवे, आणि अजून ते कोणत्या प्रश्नासाठी जायचे यावरच एकमत नाही. ग्रीसला फक्त सागरी हद्दीचा प्रश्न न्यावा असे वाटते, तुर्कस्तानला लष्करमुक्तीसह सगळे वाद एकत्र चर्चेत हवेत.

दरम्यान दोन्ही बाजूंच्या लोकांचे रोजचे व्यवहार पुन्हा जुळत आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये अथेन्समध्ये दोन्ही सरकारांनी मैत्रीच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि २०२४ पासून तुर्की पर्यटकांना काही ग्रीक बेटांवर पोचल्यावर सात दिवसांचा व्हिसा मिळू लागला. कास्तेलोरिझोचे लोक भाजीपाल्यासाठी काशच्या आठवडी बाजाराला जातात, काशचे लोक जेवायला बेटावर येतात, आणि होडी अर्ध्या तासात पोचते.