खंजिरी, पेटी आणि झील : वऱ्हाडातील खंजिरी भजनाची सुरुवात

वऱ्हाडात ‘भजन’ या एका शब्दाखाली दोन बऱ्याच वेगळ्या गोष्टी नांदतात. पहिली म्हणजे वारकरी भजन, ज्यात वीणेकरी मध्ये उभा असतो, टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर ठाकतात, मृदंग ताल धरतो आणि पाठ असलेले अभंग ठरलेल्या क्रमाने गायले जातात. दुसरी म्हणजे खंजिरी भजन : एक गायक, त्याच्याच हातात खंजिरी, शेजारी पेटी, तबला किंवा ढोलक, टाळांची एखाददुसरी जोडी आणि झील धरणारे, म्हणजे ध्रुपदाची ओळ उचलून परत म्हणणारे, चारपाच साथीदार. हा दुसरा प्रकार अमरावती जिल्ह्यात, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत, प्रामुख्याने एका तरुण गायकाभोवती आकाराला आला. त्या गायकाला पुढे सारा देश राष्ट्रसंत तुकडोजी महाराज म्हणून ओळखू लागला. त्यांच्यावर मराठीत विपुल लिहिले गेले. मात्र त्या लेखनाचा बहुतेक भाग चरित्र, चमत्कार आणि ग्रामसुधारणा यांनी व्यापलेला असल्यामुळे गायक, वादक आणि रचनाकार म्हणून त्यांनी काय घडवले, हा प्रश्न बाजूलाच राहिला. भक्तांना तो प्रश्न गौण वाटला आणि संगीताच्या अभ्यासकांना खंजिरी हे अभ्यासण्याजोगे वाद्य वाटले नाही, असे म्हणणे भाग आहे.

खंजिरी हे एका तोंडाचे चर्मवाद्य आहे. लाकडाचे वीतभर व्यासाचे कडे, त्याच्या एका बाजूला ताणून बसवलेले कातडे, दुसरी बाजू उघडी आणि कड्याला पाडलेल्या खाचांत खिळ्यांवर सैल बसवलेल्या पितळी चकत्या, एवढीच तिची रचना. खंडोबाच्या वाघ्या-मुरळीची दिमडी तिच्या जवळची. तमिळनाडूतील ‘कंजिरा’ तर तिचा थेट नातलग म्हणावा असा, आणि पुदुक्कोट्टैच्या मान्पूंडिया पिळ्ळै यांनी तो कंजिरा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कर्नाटक संगीताच्या मैफलीत प्रतिष्ठित केला. वऱ्हाडातल्या खंजिरीला अशी मैफल कधी मिळाली नाही. ती डाव्या हातात धरायची, उजव्या हाताच्या बोटांनी आणि तळव्याने वाजवायची. डाव्या हाताची बोटे कातड्याच्या कडेला दाबली की आवाज चढतो, सैल सोडली की उतरतो, आणि प्रत्येक आघाताबरोबर, तसेच मनगटाच्या नुसत्या झटक्यानेही, चकत्या खणखणतात. कातडे दमट हवेत ढिले पडते, म्हणून रात्रीच्या कार्यक्रमात ते शेकून घ्यावे लागते. ध्वनिक्षेपक गावोगावी पोचले नव्हते त्या काळात चकत्यांच्या या तीक्ष्ण आवाजाचे मोल फार होते, कारण तो माणसांच्या गजबजाटाला छेदून लांबवर ऐकू जातो, तर मृदंगाचा घुमारा मोकळ्या मैदानात लवकर विरतो.

खंजिरीने घडवलेला खरा बदल मात्र आवाजाचा नसून संचाच्या रचनेचा आहे. कीर्तनात गाणारा एक आणि ताल धरणारा दुसरा. लय वाढवायची, थांबायची किंवा मध्येच निरूपणाकडे वळायचे, तर कीर्तनकाराला मृदंगियाला खूण करावी लागते. खंजिरी भजनात मुख्य गायकाच्याच हाती ताल असल्यामुळे अशा खुणेची गरज उरत नाही. त्याला वाटले त्या क्षणी तो वादन तोडतो, समोरच्या माणसांशी दोन वाक्ये बोलतो, आणि एका थापेसरशी सगळ्या साथीला पुन्हा ध्रुपदावर आणतो. सोप्या आठ मात्रांच्या केरव्यात सुरू झालेले भजन दुगुणीत नेऊन टिपेला पोचवणे हेही त्याच्या एकट्याच्या मनगटावर अवलंबून असते. गाणे आणि भाषण यांच्यामधली सीमा इतकी पातळ करणारा दुसरा प्रकार वऱ्हाडात होता तो गाडगेबाबांच्या कीर्तनाचा. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगाव येथे जन्मलेल्या गाडगेबाबांनी ती सीमा प्रश्नोत्तरांनी पुसली, तुकडोजींनी ती तालाने पुसली. दोघेही एकाच जिल्ह्याचे, हा योगायोग मानायचा की तिथल्या श्रोत्यांच्या आवडीचा परिणाम, हे ज्याने त्याने ठरवावे.

तुकडोजींचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावतीजवळच्या यावली गावी झाला. नाव माणिक, वडील बंडोजी, आई मंजुळाबाई. शाळा प्राथमिक इयत्तांच्या पुढे गेली नाही. वरखेड येथील आडकोजी महाराजांच्या सहवासात हा मुलगा रमला आणि त्यांनीच त्याला दिलेले ‘तुकड्या’ हे नाव पुढे त्याच्या रचनांची नाममुद्रा झाले. नाममुद्रा म्हणजे पदाच्या शेवटच्या कडव्यात कवीने गुंफलेले स्वतःचे नाव. ‘तुका म्हणे’ किंवा ‘नामा म्हणे’ ही तिची सर्वांना ठाऊक असलेली उदाहरणे, आणि ‘तुकड्यादास’ ही त्याच परंपरेतली नवी भर. गुरूच्या निधनानंतरची वर्षे रामटेक, सालबर्डी, चिमूरच्या बाजूची जंगले आणि मधली खेडी अशा भटकंतीत गेली. चरित्रकार या वर्षांकडे तपश्चर्येचा काळ म्हणून पाहतात. संगीताच्या दृष्टीने पाहिले तर तो फिरत्या गायकाच्या उमेदवारीचा काळ ठरतो. हातात मावणारे वाद्य, मुक्कामाच्या गावी मिळेल तो पेटीवाला, ओळखीची नसलेली माणसे आणि रोज नवी जागा, या परिस्थितीत टिकेल असेच गाणे जन्माला येणार होते. ध्रुपद लहान हवे, पहिल्या आवर्तनात कानावर पडून दुसऱ्या आवर्तनात तोंडात बसेल असे हवे, आणि चाल ऐकणाऱ्याला अर्धी आधीच ठाऊक हवी.

चालीचा हा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. मराठी भजनांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर कंसात चाल लिहिण्याची रूढी आहे. तिथे एखाद्या जुन्या अभंगाचा, नाट्यपदाचा, लावणीचा किंवा पुढच्या काळात चित्रपटगीताचा मुखडा दिलेला असतो आणि स्वरलिपीचे काम तो मुखडाच करतो. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी या उसनवारीला नेहमीच नाके मुरडली. पण खेड्यातल्या मंडळाला नवे पद शिकवायला गवई येणार नाही, हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या दृष्टीने ओळखीची चाल हीच सर्वांत स्वस्त आणि खात्रीची शाळा होती. आजच्या भाषेत ज्याला लोकसंगीत आणि लोकप्रिय संगीत यांचे मिश्रण म्हणतात, ते इथे कोणत्याही सिद्धान्ताशिवाय, निव्वळ गरजेपोटी घडून आले.

भाषेचेही तसेच. तुकडोजींनी मराठीइतक्याच सहजतेने हिंदीत रचना केल्या आणि त्यांच्या मराठी-हिंदी पदांची संख्या हजारोंच्या घरात जाते. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ही द्विभाषिकता राष्ट्रीय वृत्तीचे प्रदर्शन वाटण्याचा संभव आहे. तिचे मूळ त्याहून साधे आहे. १८५३ मध्ये निजामाने इंग्रजांच्या हवाली केलेला वऱ्हाड १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला, राजधानी नागपूर झाली, आणि १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत इथल्या कचेरीत, बाजारात आणि रेल्वेच्या डब्यात मराठीच्या शेजारी हिंदी बोलली जात राहिली. सातपुड्याच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या गायकाला डोंगराच्या दोन्ही अंगांना ऐकू जाईल अशी भाषा निवडावी लागली. ती हिंदीही ग्रंथातली नाही. वऱ्हाडी कानांना रुचेल अशी, मराठी वळणाची आणि व्याकरणाची फारशी पर्वा न करणारी आहे.

छोट्या संचाच्या अशा सुरुवाती जगात इतरत्रही झाल्या आणि त्यांच्याकडे पाहिले की वऱ्हाडातल्या उदाहरणाचे वेगळेपण कळते. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात १९९६ मध्ये ‘बेल अँड सबॅस्टियन’ नावाचा संच उभा राहिला. त्याचा मुख्य गीतकार स्टुअर्ट मर्डोक हा दीर्घ आजारपणात गाणी रचू लागलेला तरुण, काही वर्षे एका चर्चच्या सभागृहाचा राखणदार होता. आणि संचाची पहिली तबकडी ‘टायगरमिल्क’ ही स्टो कॉलेजच्या संगीत-व्यवसायाच्या अभ्यासक्रमातून, अवघ्या १,००० प्रतींत निघाली. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांपासून स्वतंत्र राहणाऱ्या अशा संगीताला इंग्रजीत ‘इंडी’ म्हणतात. साधनांची टंचाई, धर्मस्थळाचा आसरा आणि आपल्याच बळावर प्रसार, या तीन बाबी दोन्हीकडे सारख्या दिसतात. फरक असा की ग्लासगोच्या संचाची कीर्ती तबकडीवर उभी राहिली, ज्यात मूळ आवाज जपला जातो. तर खंजिरी भजन पसरले ते छापील भजनावल्या आणि तोंडी शिकवणीतून, म्हणजे प्रत्येक गावात ते दुसऱ्याच गळ्यातून उमटले. पहिल्या प्रकारात श्रोते वाढतात, दुसऱ्यात गाणारे वाढतात.

१९३५ मध्ये अमरावती-नागपूर रस्त्यावरील मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन झाला आणि भटक्या संचाला मुक्कामाचे ठिकाण मिळाले. पुढच्याच वर्षी गांधीजींच्या निमंत्रणावरून तुकडोजी सुमारे महिनाभर सेवाग्रामात राहिले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टी येथे जे उठाव झाले, त्यांच्या पार्श्वभूमीवर त्यांच्या भजनांचा उल्लेख हमखास येतो. गावातली साधी माणसे आणि हाताशी असलेल्या वस्तू यांनाच सैन्य व शस्त्रे मानणारे त्यांचे हिंदी भजन त्या दिवसांत तिकडे गाजले होते. २८ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना चांद्याला (आजच्या चंद्रपूरला) अटक झाली, आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत काही महिने काढल्यावर सुटका झाली. ज्या गाण्याची चाल अर्धी आधीच ठाऊक असते, ते एका रात्रीत शंभर तोंडी जाते, ही गोष्ट तत्कालीन सरकारला संगीताच्या अभ्यासकांपेक्षा लवकर उमगली होती.

तुरुंगवासानंतर त्यांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाचे जाळे वाढले, ‘श्रीगुरुदेव’ मासिक निघाले, सामुदायिक प्रार्थना आणि पहाटेची रामधून, म्हणजे गावातून गात निघणारी फेरी, यांचा नेम ठरला, आणि ४१ अध्यायांची, ४,६७५ ओव्यांची ‘ग्रामगीता’ सिद्ध झाली. १९५५ मध्ये ते जपानमधील विश्वधर्म व विश्वशांती परिषदेलाही जाऊन आले. इथून पुढचा इतिहास एका संस्थेचा आहे आणि तो चांगला नोंदवलेला आहे. संगीताच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की संस्थेमुळे पदांचा पाठ स्थिरावला, आणि उत्स्फूर्त गायकाला जी मोकळीक होती ती मंडळांना तितकीशी उरली नाही. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांचे निधन झाले. दिवाळीच्या काही दिवस आधी, आश्विन वद्यात येणाऱ्या पुण्यतिथीला मोझरीत लाखोंचा समुदाय जमतो आणि दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी तो स्तब्ध उभा राहून मौन श्रद्धांजली वाहतो.

खंजिरीने पुढचे वळण घेतले ते अकोला जिल्ह्यात. अकोट तालुक्यातील सिरसोलीचे सत्यपाल महाराज यांनी एका खंजिरीच्या जागी एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवण्याची रीत रूढ केली आणि ‘सप्तखंजिरीवादक’ हा शब्दच त्यांच्या नावाला चिकटला. वेगवेगळ्या आकारांच्या आणि ताणांच्या सात कातड्यांमुळे तालाला जवळजवळ सुरावटीचे रूप येते. शिवाय डोळ्यांना खिळवून ठेवणारा खेळ होतो, जो लाउडस्पीकर आणि मंडपाच्या काळात आवश्यक झाला होता. त्यांचे निवेदन ठसकेबाज वऱ्हाडीत चालते, आणि दारू, हुंडा, अंधश्रद्धा हे विषय टाळ्या-हशांच्या आडून येतात. तुकडोजींकडे ताल हा भजनाचा आधार होता. सत्यपालांकडे तो प्रबोधनाच्या प्रयोगाचा नायक झाला. मे २०१७ मध्ये मुंबईत कार्यक्रमानंतर त्यांच्यावर चाकूहल्ला झाला, तरीही कार्यक्रम थांबले नाहीत. त्यांच्या धाटणीचे अनेक तरुण वादक आज विदर्भभर फिरतात, आणि यूट्यूबवर त्यांचा प्रेक्षकवर्ग मोठा आहे.

आज गावोगावच्या मंडळांचे गाणे जिवंत ठेवण्यात खंजिरी भजन स्पर्धांचा वाटा मोठा आहे. पुरुष, महिला आणि बाल असे गट पडतात, एका वेशातली मंडळे ट्रॅक्टर आणि टेम्पोतून येतात, आणि गजर संपताच पुढचे मंडळ पेटी उचलून मंचावर चढते. महिलांच्या मंडळांनी या प्रकारात पाय रोवला, ही यातली सर्वांत लक्षणीय घडामोड, कारण सुरुवातीच्या काळातला फिरता संच हा पुरुषांचाच होता. मात्र वेळेचे बंधन आले की गायकाने मध्येच थांबून समोरच्यांशी बोलण्याला वाव उरत नाही. सिंथेसायझर आणि ऑक्टोपॅड आले की पेटी व ढोलक मागे सरतात. आणि ताल दुसरीकडून येऊ लागला की गायकाच्या हातातली खंजिरी उंच धरून हलवण्यापुरती उरते. काही मंडळे ती अजून वाजवतात, काही नुसती मिरवतात, आणि परीक्षकांच्या गुणपत्रिकेत या दोहोंमधला फरक टिपणारा रकाना असावा, ही जुन्या वादकांची मागणी रास्त आहे.