त्रिकोणांचा समुद्र

ओहायो आणि इंडियाना ही अमेरिकेतली शेतीची राज्ये. मक्याची शेते, दुभत्या गाई, घोडे जोडलेल्या बग्ग्या. अटलांटिकचा किनारा इथून शेकडो मैल दूर. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची काही दशके इथल्या आमिश बायकांनी ज्या नमुन्यांच्या रजया हौसेने शिवल्या, त्यांतला एक होता ‘ओशन वेव्ह्ज’, म्हणजे समुद्राच्या लाटा. काळ्या किंवा गडद निळ्या कापडावर निळ्या, जांभळ्या, हिरव्या त्रिकोणांचे तिरके पट्टे एकमेकांना छेदत जातात आणि मधे मोकळे चौकोन सोडतात. जरा दुरून पाहिले की सगळी रजई हलल्यासारखी वाटते.

वीज आणि मोटार घरापासून लांब ठेवणाऱ्या आमिश लोकांचे पूर्वज अठराव्या शतकात स्वित्झर्लंड आणि ऱ्हाइन नदीच्या मुलुखातून पेनसिल्व्हेनियात आले. तुकडे जोडून रजई करण्याची रीत त्यांनी सोबत आणलेली नव्हती. ती अमेरिकेत इंग्रजी बोलणाऱ्या शेजारणींकडून घेतली आणि तिला आपली शिस्त लावली. पोशाखासारखेच रजईलाही फुलाफुलांचे छापील कापड चालत नसे, फक्त एकरंगी. झगे आणि सदरे बेतून उरलेले तुकडे हाताशी असत आणि त्यांत निळ्या-जांभळ्या छटा भरपूर. तुकडे जोडायचे ते पायाने चालवायच्या मशीनवर. वरचा थर, मधला कापूस आणि अस्तर एकत्र शिवायचे ते मात्र लाकडी चौकटीवर ताणून, हाताने, बारीक धावदोऱ्याने. मोकळ्या चौकोनांत या दोऱ्याची नक्षी खुले.

एवढ्या हालचालीमागचा घटक अगदी साधा आहे. एक फिका आणि एक गडद चौकोन एकमेकांवर ठेवतात, कर्णरेषा आखतात, रेषेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप मारतात आणि रेषेवर कापतात. उलगडल्यावर अर्धे फिके, अर्धे गडद असे दोन चौकोन हाती येतात. शिवून झाल्यावर चौकोन दोन इंचांचा दिसायला हवा असेल, तर मूळ कापड २ पूर्णांक ७/८ इंचाचे कापावे लागते. बाकीचे शिवणीत जाते. हे चौकोन कोणत्या दिशेला फिरवून मांडायचे, यावर लाट उठते की मोडते ते ठरते.

नवशिक्यांची गफलत रंगांत होते. समुद्राची रजई म्हणून दुकानातून पाच सुंदर निळे आणले जातात, शिवले जातात आणि चादरीसारखा एक सपाट निळा पट्टा तयार होतो. कारण छटा वेगळ्या असल्या तरी पाचही कापडे सारखीच गडद असतात. लाटेला फेस लागतो आणि लाटेच्या पोटात सावली लागते. म्हणून निम्मे कापड खूप गडद, थोडे मध्यम आणि उरलेले जवळजवळ पांढरे अशी वाटणी अनुभवी बायका करतात. तुकडे जमिनीवर मांडून डोळे बारीक करून पाहायचे, किंवा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढायचा. जी दोन कापडे एकमेकांत मिसळून जातील, त्यांतले एक बाजूला काढायचे. मोरपंखी, आकाशी, चिंतामणी हे झालेच, पण वाळूचा बदामी आणि पावसाळ्यात रत्नागिरीच्या किनाऱ्यावर दिसणारा मातकट राखाडी घेतला तर निळा उठून दिसतो. गडद निळे कापड आधी धुऊन घ्यावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात फेसही निळा होतो.

‘स्टॉर्म ॲट सी’, समुद्रातले वादळ, हा नमुना याहून चकवा देणारा. त्याकडे पाहणाऱ्याला गोलाई दिसते, वळसे दिसतात. प्रत्यक्षात त्यात एकही वक्र शिवण नाही. चौकोनात तिरका चौकोन आणि लांबट आयतात बसवलेला शंकरपाळा, एवढेच घटक. चौकोनातली तिरकी रेष ४५ अंशांत जाते. एकास दोन मापाच्या आयतातली सुमारे ६३ अंशांत. त्या टोकाला टोक लावून येतात, तेव्हा मधली अठरा अंशांची मोड डोळा स्वतःच गुळगुळीत करून घेतो.

इथे माप चुकून चालत नाही. साठ इंच रुंदीच्या रजईत दोन इंची चौकोनांच्या एका ओळीत तीस तुकडे आणि २९ शिवणी येतात. प्रत्येक शिवणीत इंचाचा सोळावा भाग जास्त गेला, तर ओळ पावणेदोन इंचांहून अधिक आखडते आणि त्रिकोणांची टोके बोथट होतात. तोच चौकोन चार इंचांचा घेतला तर साठ बाय ऐंशीच्या रजईला १२०० ऐवजी ३०० तुकडे पुरतात.

आपल्या गोधडीला हा काटेकोरपणा नको असतो. जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे, वर मिळतील ते तुकडे लावायचे आणि सगळ्यांतून एकदमच धावदोरा घालायचा. तुकडा वाकडा असला तरी दोरा त्याला सांभाळून घेतो. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळच्या बाजूला राहणाऱ्या, कोकणी बोलणाऱ्या सिद्दी बायकांची ‘कवंदी’ याच कुळातली. टाके कडेपासून सुरू होऊन आत मध्याकडे सरकतात आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांची ‘फुले’ बसतात. यांतल्या अनेकांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून समुद्रमार्गे, पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात गुलाम म्हणून आणले गेले होते. कवंदीत मात्र लाटा नसतात. लाल, पिवळे, हिरवे, जे कापड झिजले ते जाऊन बसते.

अमेरिकेत १९७१ साली जोनाथन होल्स्टाइन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात रजया चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या. त्यानंतर संग्राहकांची नजर आमिश घरांतल्या पेट्यांकडे वळली, जुन्या रजयांच्या किमती चढल्या, आणि २००१ मध्ये टपाल खात्याने आमिश रजयांची चार तिकिटे काढली. मागणी वाढली तशी नव्या रजयांची दुकाने पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागात उभी राहिली. त्यांच्यासाठी शिवणाऱ्यांत १९८०च्या दशकापासून ह्मोंग बायकाही आहेत. या बायका लाओसमधल्या युद्धानंतर तिथून निर्वासित म्हणून आलेल्या आणि बारीक कापडकामात पिढ्यान्‌पिढ्या तरबेज. लाओसला तर समुद्रकिनाराच नाही.